काट्यावरचं शून्य

१ फेब्रुवारी १९९८, रविवार

आजपासून दैनंदिनी लिहिणार. पुढेमागे कोणी विचारलं की खानदेशात पहिलं कर्नेल मोड्यूल कोणी लिहिलं, तर पुरावा हाताशी असावा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, आधी गरम आहे तोवर जेवून घे.

सावद्याच्या अलीकडे केळीवाल्यांची एक सोसायटी आहे. तिच्या आवारात जमिनीच्या पातळीवर बसवलेला वजनकाटा आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली अख्खी उभी राहील एवढा. आजवर तो दांडीचा होता. आता त्याच्या पोटात वजन ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेल बसवलाय आणि तो संगणकाला जोडायचं काम माझ्याकडे आलंय. माझ्याकडे म्हणजे प्रमोद नारखेडेकडे. जळगावला नव्या पेठेत जिन्याखाली माझा कंप्युटर क्लास आहे. जिना मोठा आहे.

मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतलं लिनक्स मी त्या संगणकावर टाकलंय. कर्नेल म्हणजे त्याचा गाभा, आणि मोड्यूल म्हणजे त्या गाभ्यात मागाहून घुसवलेला तुकडा. घरजावयासारखा. एकदा आत घेतला की घरातल्या कशालाही हात लावू शकतो, आणि बिघडला तर अख्खं घर बसवतो.

माझ्या मोड्यूलची खुबी अशी, की सुरू होताना पहिल्याच क्षणी ते रिकाम्या काट्याचा आकडा वाचतं आणि तो थेट आपल्याच वजाबाकीच्या सूचनेत कोरून ठेवतं. म्हणजे चालता चालता स्वतःचाच कोड बदलतं. साध्या माणसाने तो आकडा बाजूला कुठेतरी ठेवला असता आणि लागेल तेव्हा बघितला असता. पण त्यात सेकंदाचा काही कोटीवा भाग वाया जातो. ट्रॉली काट्यावर चढायला पाच मिनिटं लागतात हे मला माहीत आहे. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्घाटन झालं. चेअरमन जीवरामभाऊ चौधरी यांचा आग्रह असा, की पूजा काट्याची आहे तर ती काट्यावरच व्हावी, आणि आरती चालू असताना मशीन सुरू व्हावं, संपल्यावर नाही. सगळे लोखंडी पत्र्यावर चपला काढून उभे राहिले. मी केबिनमध्ये. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून मी खिडकीकडे पाठ करून बसतो. टाळ्यांच्या तालावर बटण दाबलं.

आरती झाली, लोक पेढ्यांकडे वळले, आणि बाहेरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर उणे चारशे वीस आलं. सेल नवीन आहे, स्थिरावायला वेळ घेतो. पण भाऊ अस्वस्थ झाले. म्हणाले, “मास्तर, शुभ कामात हे उणं-बिणं कशाले? लोके काय म्हनतीन?” मी लगेच एक ओळ टाकली: शून्याच्या खाली काहीही आलं तर पाटीवर शून्यच दाखव. दोन मिनिटांचं काम. अशा किरकोळ गोष्टी इथे लिहायला नकोत, आठवलं म्हणून लिहिलं.

मग माझं भाषण. एक वाक्य फारच छान जमलं: “माणूस चुकतो, मशीन चुकत नाही.” खूप टाळ्या पडल्या. सोसायटीचे मापाडी सुकदेव आप्पा बाजूला उभे होते, त्यांनीही वाजवल्या. तीस वर्षं तेच इथे वजन करतात. ट्रॉली कशी उभी करायची ते सांगतात आणि वजनाची चिठ्ठी फाडून देतात. काम संपेपर्यंत माझी राहायची सोय त्यांच्याच घरी केली आहे. त्यांच्या पत्नी बेबाबाई वांग्याचं भरीत असं करतात की माणसाने मोड्यूल हळूहळू लिहावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊंनी ठरवलंय की पूजा रोज होणार. मशीन रोज सुरू होतं ना, मग रोज आरती. प्रसादाला केळ्याचा शिरा, सोसायटीच्याच केळ्यांचा. पहिल्या दिवशी सहा जण होते, आज आठ. उपाध्यक्ष निंबा नाना मासिक सभेला वर्षातून एकदा येतात, ते आता रोज सातला हजर असतात. नाना म्हणजे दोन माणसांचा ऐवज. शिराही तेवढाच घेतात.

विज्ञान आणि श्रद्धा अशी हातात हात घालून चाललेली पाहून बरं वाटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मंदाअक्का नावाच्या बाई आल्या. स्वतः ट्रॅक्टर चालवतात, तीन एकर केळी आहे. पद्धत अशी: प्रत्येक ट्रॉलीचं रिकामं वजन एकदाच करून तिच्या फळीवर रंगाने लिहिलेलं असतं. भरलेली ट्रॉली तोलायची, त्यातून ते वजा केलं की माल कळतो. अक्कांनी येता येता हायवेवरच्या खासगी काट्यावर ट्रॉली तोलली होती. तिथे भरली तेवढी इथे भरली नाही. पाच क्विंटलची तफावत.

“मास्तर, अर्ध्या कोसात माह्या केया कुठी गेल्या?” त्यांनी केळ्यांचा हिशेब विचारला.

मी त्यांना समजावलं की खासगी काट्याला शंभर रोग असतात. आपला काटा कर्नेलच्या आतून वाचतो. कर्नेल शब्दाला त्या दबल्या नाहीत. म्हणाल्या, “आतून वाचो का बाहेरून, पाच क्विंटल मले दाखवा.”

९ फेब्रुवारी, सोमवार

आणखी चौघांची तीच तक्रार. तूट रोज वेगळी. मंगळवारी सव्वाचार, शनिवारी पाच, आज साडेसहा. शनिवारपासून व्होल्टेज खाली आहे, त्याचं असू शकेल.

दोष कुठे असेल ते मला कळलंय. प्रोसेसर फार अधाशी असतो. पुढच्या सूचना आधीच उचलून तोंडात धरतो. मी ताटातला घास बदलला तरी तो तोंडातलाच चावतो. म्हणजे मी नवा आकडा कोरतो, पण तो जुन्याच आकड्याने वजाबाकी करतो. उपाय सोपा: कोरल्याबरोबर एक उडी मारायची सूचना द्यायची, म्हणजे त्याला तोंडातलं टाकून पुन्हा वाढून घ्यावं लागतं. उडी टाकली. उद्या बघू.

आज आरतीला दहा जण. रावेरहून नानांचे साडूही आले होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उडीचा उपयोग झाला नाही. सकाळची तूट साडेसहाच.

पण एक चमत्कार झाला. दुपारी वीज गेली. आली तेव्हा सगळे जेवायला घरी गेले होते, मी एकट्यानेच मशीन सुरू केलं. त्यानंतरची प्रत्येक ट्रॉली बरोबर भरली, अगदी खासगी काट्याएवढी. पाच ट्रॉल्या, पाचही बरोबर.

अर्थ उघड आहे. सकाळी मशीन गार असतं. दुपारपर्यंत तापतं, आणि तापल्यावर सुरू केलं की नीट चालतं. आमच्या डिझेल इंजिनाचंही असंच आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाऊंना सांगितलं की सकाळी मशीन दोनदा सुरू करू. एकदा तापायला, एकदा कामाला. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “हरकत नाई. मंग आरतीबी दोनदा करू.” नानांनी लगेच अनुमोदन दिलं.

दोन आरत्या झाल्या, शिराही दोनदा झाला. तूट जशीच्या तशी. बेबाबाईंना दुसऱ्यांदा रवा भाजावा लागला. मला हे प्रकरण गूढ वाटायला लागलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

धुळ्याला जाऊन आलो. तिथे खैरनार सर राहतात. डिप्लोमाला त्यांनीच मला शिकवलं. एस.टी.त पारोळ्यापर्यंत उभा होतो, छापील कोडची गुंडाळी काखेत.

सरांनी ओटीवर बसून सगळे कागद वाचले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “कोड बठ्ठा बरोबर शे. इतली कोरीवकामनी गरज काय व्हती ते माले समजत नई, पन बरोबर शे. आते एक सांग. मोड्यूल सुरू व्हस त्या टाइमले काटावर काय ऱ्हास?”

मी म्हणालो, “काही नाही सर. रिकामा असतो.”

“तू देखेल शे?”

“काटाच आहे सर. सकाळी सातला त्याच्यावर कोण ट्रॉली आणतंय?”

सरांनी कागदांची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. चहा आणायला सांगितला. सरांचं वय झालंय. पूर्वी अगदी मुळाला हात घालायचे, आता बाहेरच्या गोष्टी विचारतात. येताना बसमध्ये याचंच वाईट वाटत होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शेवटचं हत्यार काढलं. संगणकातल्या कार्डाने काट्यावरून वाचलेला आकडा आणि कोडमध्ये कोरला गेलेला आकडा, दोन्ही मोड्यूलकडूनच स्क्रीनवर लिहून घेतले. एकेक बाइट जुळवला. दोन्ही तंतोतंत सारखे. प्रोसेसरही नवाच आकडा वापरतोय. वजाबाकी बरोबर. सगळं बरोबर.

हे मी संचालक मंडळापुढे फळ्यावर काढून दाखवलं. अकरा जण शांतपणे ऐकत होते, नानांचा डोळा लागला होता. शेवटी भाऊंनी विचारलं, “म्हंजे मशीन चुकत नाई?”

“नाही.”

“मंग चुकतं कोन?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण फळा समोर होता, खडू हातात होता. मी म्हणालो, मशीन आणि ट्रॉलीच्या मध्ये एकच माणूस उभा असतो.

त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. ट्रॉलीचं मागचं चाक काट्याच्या बाहेर ठेवलं की वजन कमी भरतं, ही जुनी युक्ती इथे सगळ्यांना माहीत आहे. नाना जागे झाले आणि म्हणाले की आप्पावर त्यांचा पहिल्यापासूनच संशय होता. सुकदेव आप्पांना उद्यापासून कामावर येऊ नका असं सांगायचं ठरलं. तेही जाताना मीच सांगावं, कारण मी त्यांच्याकडेच राहतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल सांगितलं. आप्पा ओट्यावर बसले होते. पायातली वहाण काढून त्यांनी तिची धूळ झटकली. मग म्हणाले, “मास्तर, तुमचं मशीन खोटं बोलत नसीन. पन मीबी नाई बोलत.” एवढंच. बेबाबाईंनी रोजच्यासारखं पान वाढलं, कळण्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मी भाकरी मोडली. लाज वाटत होती, आणि आपण बरोबर आहोत असंही वाटत होतं, आणि ही दोन्ही एका पोटात मावत नव्हती.

आज त्यांच्या थोरल्या मुलीच्या सासरहून निरोप आला की खरं काय ते कळवा. गावात बातमीला पाय असतात.

आता ट्रॉल्या नाना स्वतः उभ्या करतात, चारही चाकं आत आहेत हे ओरडून सांगतात. तरी तूट सात क्विंटल. मी विचारलं तर नाना म्हणाले, आप्पाने जाता जाता काहीतरी करून ठेवलं असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आप्पांनी भाऊंकडे एकच मागणं केलं. इथे मापाडी नेमताना त्याला काट्यावर उभं करून शपथ देतात, हातात बेलाचं पान आणि तोंडात खरं बोलणं. आप्पांनी तीस वर्षांपूर्वी घेतली होती. ती सगळ्यांसमोर पुन्हा घेतो म्हणाले. मग ठेवा नाहीतर काढा. शपथ घेतल्यावरही काढलं तर ते गाव सोडून पहूरला मेहुण्याकडे जाणार आहेत. बेबाबाईंनी भांडी बांधायला काढलीत. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाल्या, “नको भाऊ, तुम्ही तुमचं काम करा.” रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या सकाळी शपथ.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सातला रोजची पूजा. शपथेसाठी म्हणून अकराही संचालक आले होते. पत्र्यावर दाटीवाटीने उभे राहून त्यांनी आरती म्हटली, मी आत बटण दाबलं. आरती झाल्यावर सगळे खाली उतरले, शिरा घेतला आणि काट्याभोवती उभे राहिले. ट्रॉलीवाले रांगेत होतेच. मीही बाहेर आलो.

आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले. वहाणा काढल्या, काट्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मधोमध जाऊन उभे राहिले. बेलाचं पान हातात. ते तोंड उघडणार तेवढ्यात मंदाअक्का म्हणाल्या, “थांबा आप्पा.”

त्या पाटीकडे बघत होत्या. पाटीवर शून्य होतं.

“मास्तर,” अक्का म्हणाल्या, “मानूस उभा हाये वरते. त्याले वजन नाई का?”

मी म्हणालो, एवढ्या मोठ्या काट्याला एक माणूस कळत नसेल. पण सोमवारीच मी फळ्यापुढे सांगितलं होतं की हा काटा पाच किलोपर्यंत ओळखतो, आणि हे लोकांच्या लक्षात होतं. भाऊ म्हणाले, “मी चढतो.” ते चढले. शून्य. मशीन चालू आहे का ते बघायला मी आत पळालो. चालू होतं. बाहेर येईपर्यंत आणखी दोघे चढले होते. शून्य. मग एकेक करत संचालक चढत गेले, आणि प्रत्येक जण चढून पाटीकडे बघायचा. पाचवा, सहावा, आठवा. पाटी ढिम्म. रांगेतून कोणीतरी म्हणालं, “पुरं मंडळ चढलं तरी वजन नाई पडत.” मग हसू फुटलं आणि ते थांबेना.

खाली फक्त निंबा नाना राहिले होते, हातात शिऱ्याचा द्रोण. भाऊ वरून खेकसले, “नाना, या वर.” नाना द्रोणासकट चढले.

पाटीवर आकडा आला. पंचावन्न.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मंदाअक्का म्हणाल्या, “आप्पा, तुम्ही जरा खाली उतरा.” आप्पा उतरले. शून्य. “आता चढा.” पंचावन्न. पुन्हा उतरले, शून्य. पुन्हा चढले, पंचावन्न. अकरा संचालक आणि एक मापाडी काट्यावर, आणि काटा एकट्या मापाड्याचं वजन दाखवत होता.

तेव्हा मला खैरनार सर आठवले. तू देखेल शे? मी नव्हतं बघितलं. अठरा दिवस मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. मोड्यूलने इमानदारीने जे समोर होतं तेच वाचलं, आणि आरती म्हणणाऱ्या मंडळाला रिकामा काटा समजून कोडमध्ये कोरून ठेवलं. मग दिवसभर प्रत्येक ट्रॉलीतून ते मंडळ वजा होत राहिलं. पहिल्या दिवशी पाटीने उणे चारशे वीस दाखवून मला ओरडून सांगितलं होतं. मी तिचं तोंड दाबलं.

हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. भाऊंनी आधी पाटीकडे बघितलं, नंतर रांगेतल्या ट्रॉल्यांकडे. मग म्हणाले, “म्हंजे केया आम्हीच खाल्ल्या?” नाना म्हणाले, “खाल्ल्या नाईत, नुसते उभे होतो.” रिकामा द्रोण त्यांच्या हातात होता.

आप्पा खाली आले नाहीत. बाकीचे उतरले तरी ते तिथेच उभे राहिले, पानासकट. मला म्हणाले, “मास्तर, त्या दिवशी तुम्ही माइकवर बोल्ले होते. टाळ्या म्याबी वाजवल्या. तेवढं माघारी घ्या, मंग मी उतरतो.”

माइक नव्हता. मी मोठ्याने म्हणालो, मशीन चुकलं. आप्पांनी मान हलवली, नाही अशी. मग मी म्हणालो, “मशीन नाही चुकलं. मी चुकलो. आप्पांची काही चूक नव्हती.” कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आप्पांनी बेलाचं पान खिशात ठेवलं आणि उतरले. शपथ घ्यायची राहून गेली आणि कोणी पुन्हा मागितली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

संचालक मंडळाची सभा झाली. शेतकऱ्यांची तूट भरून द्यायची ठरलं. ती देवधर्माच्या खर्चात धरावी असं नानांनी सुचवलं, ते फेटाळलं गेलं. पूजा बंद करायची का यावर एक तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की पूजा चालूच राहील, पण मंडळाने काट्याच्या बाहेर उभं राहावं. शिरा मात्र बंद. शिऱ्याशिवायही येऊ असं दोनच संचालक म्हणाले.

मी कोरीवकाम काढून टाकलं. शून्याचा आकडा आता साध्या माणसासारखा बाजूला एका जागी ठेवतो. उणे आकडा लपवणारी ओळही काढली. खैरनार सरांना पत्र टाकलं.

बेबाबाईंनी बांधलेली भांडी सोडली. मी मदत करू का विचारलं, त्यांनी पातेल्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज आप्पा कामावर आले. सकाळी आधी त्यांनी काटा झाडला. मग भाऊंना हात धरून पत्र्यावरून खाली घेतलं, नारळ उचलला, उदबत्तीचं घर उचललं, एक कुत्रं झोपलं होतं त्यालाही उठवलं. बाहेर आरती चालू होती. आप्पा केबिनच्या खिडकीशी येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी खुर्ची फिरवली. खिडकीतून बघितलं. काटा रिकामा होता. मग बटण दाबलं.